फोन ठेवू नका, मोटर चालू झालेली नाही

माझा आवाज सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या किती विहिरींवर नांदतो, हे मला स्वतःलाही सांगता येणार नाही. मी सांगलीतल्या ज्या छोट्या कंपनीत काम करते, ती पाण्याची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारा डबा बनवते. डब्यात सिमकार्ड असतं. शेतकरी घरी बसून डब्याला फोन लावतो, तिकडे विहिरीवर मोटर सुरू होते, आणि मग डबा उलटा फोन करून सांगतो, "मोटर चालू झाली आहे." हे सांगणारी बाई म्हणजे मी.

मालकांनी मला घेतलं होतं लिहिण्यासाठी. पण त्याआधी त्यांनी मला एका नाट्यस्पर्धेत पाहिलं होतं, तिथे मी तिसऱ्या अंकात मरत होते आणि बराच वेळ मरत होते. आवाज फुकटात मिळतोय म्हटल्यावर त्यांनी तोही घेतला. पहिल्या रेकॉर्डिंगला मी ते वाक्य अशा काही भिजलेल्या स्वरात म्हटलं की मालक काचेपलीकडून म्हणाले, "बाई, मोटर चालू झाली आहे. कोणी गेलेलं नाही." मग मी ते कोरडं म्हटलं, आणि तेच आजतागायत वाजतंय. विट्याच्या बाजारात एकदा मी वांग्यांचा भाव विचारला, तर भाजीवाल्यानं मान वर न करता आधी खिशातला फोन काढून बघितला.

पण आवाज हे माझं वरचं काम. खरं काम वेगळं आहे. डब्याच्या आत एक प्रोग्राम असतो आणि तो अधूनमधून बदलतो. आमच्या ऑफिसातून नवा प्रोग्राम इंटरनेटवरून सगळ्या डब्यांत जाऊन बसतो, आणि कालपर्यंत एका रीतीनं वागणारा डबा आजपासून दुसऱ्या रीतीनं वागू लागतो. तो कसा वागेल हे जुन्या गिऱ्हाइकांना आधी कळवायचं, ही माझी नोकरी. नव्या गिऱ्हाइकाचं सोपं असतं. त्याला काहीही सांगा, तो मान डोलावतो. जुन्या गिऱ्हाइकाची मात्र डब्याशी सोयरीक झालेली असते. त्याचे गुण त्याला माहीत असतात आणि खोडी तर तोंडपाठ असतात.

मी येण्याआधी हे काम इंजिनिअर लोकच उरकायचे. प्रत्येक नव्या प्रोग्रामबरोबर ते एकच ओळ लिहायचे: "कार्यक्षमतेत सुधारणा व किरकोळ त्रुटींचे निराकरण." नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ही ओळ ऑफिसच्या मधोमध उभी राहून, एक हात छातीवर ठेवून, राजाला देशोधडीला लावतात त्या थाटात वाचून दाखवली. मग विचारलं, "म्हणजे काय?" आमचे मुख्य इंजिनिअर भारदस्त मिशांचे आणि अतिशय कमी बोलणारे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "म्हणजे काही नाही. तसं लिहितात."

मी तसं लिहायचं बंद केलं. आधी काय व्हायचं, आता काय होईल आणि तुम्ही काय करायचं, एवढंच लिहायचं, तेही बांधावर उभ्या माणसाला कळेल असं. लिहिलं की घरी नवऱ्यासमोर रंगीत तालीम. तो बिचारा जेवता जेवता ऐकतो आणि म्हणतो, "मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल." हे त्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय माझा कागद बाहेर जात नाही.

किरकोळ त्रुटी म्हणजे काय असतं, ते मला वडूजच्या एका शेतकऱ्यानं शिकवलं. जुन्या प्रोग्रामात डबा पहिल्या फोनला जरा पेंगायचा. म्हणून हा गडी दोनदा फोन करायचा, पहिला डब्याला उठवायला आणि दुसरा मोटर चालू करायला. इंजिनिअरांनी पेंग घालवली. आता पहिल्या फोनला मोटर चालू व्हायची आणि दुसऱ्याला बंद. तो मला म्हणाला, "बाई, डबा आळशी होता तवा बरा होता. आता चेष्टा करायला लागलाय." आमच्या लेखी जी चूक दुरुस्त झाली होती, ती त्याच्या लेखी वापरायची रीत होती.

तर आता मुख्य गोष्ट.

आमच्याकडे भाऊबंदांच्या सामाईक विहिरी पुष्कळ. अशा विहिरीच्या डब्यात सगळ्या वाटेकऱ्यांचे नंबर भरलेले असतात. मोटर कोणीही चालू केली, तरी डबा सगळ्यांना फोन करायचा. चालू झाली की एक, बंद झाली की एक. यावर तक्रारी यायच्या, त्या बहुतेक पुण्यातून. इकडे बाप मोटर चालू करणार आणि तिकडे ऑफिसात मुलाचा फोन वाजणार. एका मुलाचा तर नोकरीच्या मुलाखतीत वाजला. घाबरून त्याचा हात स्पीकरवर पडला आणि समोरच्या तिन्ही साहेबांना मी गंभीरपणे सांगितलं, "मोटर बंद झाली आहे." नोकरी काही मिळाली नाही. ती मोटरीमुळेच गेली, असं त्याच्या वडिलांचं ठाम मत आहे.

तेव्हा इंजिनिअरांनी ठरवलं, ज्यानं मोटर चालू केली त्यालाच फोन जाईल, बाकीच्यांना नाही. निर्णय शहाणपणाचा होता. मी कागद लिहिला, तो डब्यांच्या दुकानांतून लागला. पण कागद कोण वाचतं, म्हणून मी बदलाची सूचना माझ्याच आवाजात रेकॉर्ड केली आणि ती सगळ्या नंबरांवर फोनने पाठवली. सुरुवात अशी, "नमस्कार. आपल्या डब्यात एक महत्त्वाचा बदल होत आहे." 'महत्त्वाचा' या शब्दाआधी मी एक विराम घेतला होता. तो विराम फार सुंदर झाला होता.

प्रोग्राम बदलून काही दिवस झाले होते. दुपारी ऑफिसचा फोन वाजला, मी उचलला आणि "हॅलो" म्हणाले. पलीकडून एक बाई म्हणाली, "आवं, माणूस बोलतंय का मशिन?"

"माणूस बोलतंय."

"मग मोटरीचं सोडून काहीतरी बोला बघू."

"जेवण झालं का तुमचं?"

"झालं. भाकरी आन् आंबाड्याची भाजी. बरं, माणूसच हाय. आता ऐका."

विट्याच्या पुढच्या एका गावातून त्या बोलत होत्या. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. विहीर सुभेदारांची आणि त्यांच्या धाकट्या चुलत भावाची, निम्मी निम्मी. चुलत भावानं तिकडच्या पुष्कळ जणांसारखं दूर तमिळ मुलखात सोनं गाळायचं दुकान चालवलं होतं आणि आता ते मुलावर सोपवून तो गावी परतला होता. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

"कशावरून?" मी विचारलं. मला अशा गोष्टी मुळापासून लागतात.

"जत्रंत कुस्त्यांच्या मैदानात कुणाची खुर्ची पुढं, ह्यावरनं. आवं, आता दोघंबी घरात बसून मोबाईलवर कुस्त्या बघतात, पण बोलत न्हाईत."

"आणि पाणी?"

"तेच सांगती. पाण्यावरनं कवाच तंटा न्हाई झाला. तिकडं भावजींनी मोटर चालू केली की इकडं ह्यांचा फोन वाजायचा. हे म्हणायचे, लागली त्याची पाळी. बंद झाल्याचा वाजला की म्हणायचे, चला, आपली. तिकडं भावजींचं बी तसंच. आता दुसऱ्याच्या पाळीचा फोन वाजायचाच थांबलाय. ह्यांनी धरून चाललंय की भावजी चोरून पाणी वडतात. भावजींनी धरलंय की हे वडतात. रविवारी चार माणसं बसून हीर वाटणार हायेत."

"विहीर कशी वाटतात?"

"उगवतीची बाजू ह्यांना, मावळतीची त्यांना. दोन मोटरी, दोन पाइपलाइनी आन् मधी तारंचं कुंपण. माझी जाऊ आन् मी रोज सकाळी हिरीवर धुणं घेऊन जातो. दिवसातनं तेवढंच आमचं बोलणं. कुंपण पडलं तर मी बोलू कुणाशी? सुभेदाराशी? सुभेदार बोलत न्हाईत बाई, ते ऑर्डर देतात."

मी विचारलं, बदलाबद्दल आम्ही फोन करून सांगितलं होतं, ते ऐकलं नाही का?

"ऐकायचं कशाला? तुमचा आवाज आला की कट करायचा. मोटरीचा फोन वाजला म्हंजी कळलंच की."

मी फोन ठेवला आणि मुख्य इंजिनिअरांना म्हणाले, आपली सूचना कोणी कुठपर्यंत ऐकली ते बघा. त्यांनी बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. जवळजवळ सगळ्यांनी 'नमस्कार' पुरा व्हायच्या आत फोन तोडला होता. आमच्या भागात अर्धा व्यवहार मिस कॉलवर चालतो. एसटीतून उतरलो, मिस कॉल. जेवायला या, मिस कॉल. इतक्या वर्षांत माझं वाक्य लोकांनी कधी पुरतं ऐकलंच नव्हतं. चुकून उचलला गेलेला मिस कॉल, एवढीच माझी योग्यता होती. तो सुंदर विराम तर एकाही माणसापर्यंत पोचला नव्हता.

मी मालकांना म्हणाले, रविवारी मला जायचंय. मालक म्हणाले, इंजिनिअरांना घेऊन जा. आम्ही त्यांच्या गाडीतून निघालो. तासगाव मागे पडलं तरी ते एक शब्द बोलले नाहीत. मी दोघांच्याही वाटचं बोलले.

विहिरीशेजारी पत्र्याची शेड होती. गावचे चार वडीलधारे सतरंजीवर बसले होते. दोन्ही भावांना प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या होत्या आणि दोघांनी त्या अशा वळवून घेतल्या होत्या की एकाला दुसऱ्याचा फक्त कान दिसावा. सुभेदार ताठ, पांढऱ्या मिशा, गुडघ्यांवर हात. धाकटा गोल चेहऱ्याचा आणि हातात फोन. मागे भिंतीशी दोघी जावा खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. मी आत गेल्यावर मोठीनं मला डोळ्यांनीच विचारलं, मशिनवाली का? मी मान हलवली.

सुभेदार सर्वांत वयस्कर गृहस्थांना म्हणाले, "त्याला विचारा, त्याच्या पाळीच्या फोनातनं माझा नंबर कुणाच्या ऑर्डरनं काढला."

धाकटा त्याच गृहस्थांना म्हणाला, "त्यांना सांगा, उगा नाटक नको. नंबर माझा काढलाय. आन् काढणारे तेच."

"त्याला सांगा, मी फौजी माणूस हाय. मी समोरनं वार करतो."

"त्यांना सांगा, मागल्या बुधवारी समोरनं कुणी न्हवतं. पाट मात्र भरून चालला हुता."

"बुधवारी माझी पाळी हुती म्हणावं."

"मग मला कळलं का न्हाई म्हणावं."

वयस्कर गृहस्थ दोन्हीकडे मान वळवून वळवून थकले होते. ते म्हणाले, "आरं, मला तुमी दोघंबी ऐकू येताय. मधी मी कशाला?"

रंगमंचावर योग्य वेळी शिरणं ही एक विद्या आहे आणि ती मला येते. मी पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्या कोरड्या आवाजात म्हणाले, "मोटर चालू झाली आहे."

दोन्ही भावांचे हात एकाच वेळी फोनकडे गेले. चार वडीलधाऱ्यांपैकी तिघांनी खिसे चाचपले. मागून धाकटी जाऊ फिसकन हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"हा मी डबा," मी माझ्याकडे बोट करून म्हणाले. "आधी मी काय करायचे? सुभेदारांनी मला फोन केला, की मी मोटर चालू करायचे आणि मग इकडे पण ओरडायचे आणि तिकडे पण ओरडायचे." मी दोन्ही खुर्च्यांमध्ये उभी राहून दोन्ही कानांशी ओरडून दाखवलं. सुभेदार जरा दचकले, पण हलले नाहीत. "आता या साहेबांनी मला सांगितलंय, एवढं ओरडायचं नाही. ज्यानं मोटर चालू केली त्यालाच सांगायचं. म्हणून आता भावजींनी मोटर लावली की मी भावजींनाच सांगते. सुभेदारांकडे बघतसुद्धा नाही."

मी सुभेदारांकडे पाठ फिरवून उभी राहिले. माझ्या पाठीमागून आवाज आला, "म्हंजी नंबर कुणीच काढला न्हाई?"

इंजिनिअरांनी त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं. "दोन्ही नंबर आहेत. आत्ता बघितले."

"मग हे आधी सांगायचं कुणी?" सुभेदारांनी विचारलं.

"सांगितलं होतं. तुम्ही फोन ठेवला," मी म्हणाले.

"मी असा अर्धा रिपोर्ट ऐकून फोन ठेवणारा माणूस न्हाई."

इंजिनिअरांनी लॅपटॉप उघडून बघितलं. "तुम्ही 'नम' पर्यंत ऐकलंय."

धाकटा एवढा हसला की त्याची खुर्ची करकरली. "आन् मी किती ऐकलं?"

"तुम्ही 'न' सुद्धा नाही."

आता सुभेदारांच्या मिशा हलल्या. पण त्यांनी लगेच चेहरा पूर्वपदावर आणला आणि विचारलं, आधीसारखं कधी होईल. इंजिनिअर म्हणाले, ज्यांना सगळ्यांना फोन हवा त्यांना तो निवडता येईल असं करू, पण त्याला पुढचा प्रोग्राम यावा लागेल.

"तवर उसानं काय करायचं?" वयस्कर गृहस्थ म्हणाले. "तवर तुमी परत एकमेकाचा पाट बघत बसणार. त्यापरीस कुंपण बरं."

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं. मोठी पुढं आली आणि नवऱ्याकडे न बघता, वयस्कर गृहस्थांनाच म्हणाली, "आवं, मशिन गप झालं तर माणसानं वाजवावं. मोटर लावली की एक मिस कॉल, बंद केली की एक. उचलायचं न्हाई, बोलायचं न्हाई, कुणाचा मान जायचा न्हाई."

हे सगळ्यांना पटलं, फक्त त्या दोघांना सोडून. सुभेदार म्हणाले, "त्याच्याकडं माझा नंबर कुठाय."

"बघ की रं, असंल," वयस्कर गृहस्थ धाकट्याला म्हणाले.

धाकटा फोनमध्ये शोधू लागला. नको तितका वेळ शोधू लागला. शेवटी त्या गृहस्थांनीच वाकून बघितलं आणि मोठ्यांदा वाचलं, "दादा."

धाकट्यानं फोन मांडीवर पालथा घातला.

"आन् तुमच्यात काय घातलंय?" धाकट्यानं विचारलं. मध्यस्थाला वगळून थेट विचारलेला त्याचा तो पहिला प्रश्न. सुभेदारांनी फोन छातीशी धरला. त्यांच्या पत्नीनं तो सरळ काढून घेतला आणि मला दिला. मी माझ्या सरावाच्या आवाजात वाचलं, "शेजारची चौकी."

यावर जे हसू फुटलं त्यात सुभेदारही होते. वयस्कर गृहस्थांनी सतरंजी झटकली आणि जाहीर केलं, "हिरीची वाटणी पुढच्या अपडेटपर्यंत तहकूब." मग आम्हाला जेवूनच सोडलं. सुभेदारीण बाईंनी इंजिनिअरांच्या ताटात इतक्या वेळा भाकरी वाढली की त्यांना पुन्हा बोलावं लागलं, "पुरे."

परत आल्यावर पुढच्या प्रोग्रामसाठी मी नवी सूचना रेकॉर्ड केली. या वेळी नमस्कार नाही आणि विरामही नाही. भांडणाच्या सुरात सुरुवात केली: "फोन ठेवू नका. मोटर चालू झालेली नाही. बंदही झालेली नाही." मालकांना हे फार उद्धट वाटलं. नवऱ्यानं मात्र ऐकताना हातातला घास तसाच धरला आणि विचारलं, "मग झालंय काय मोटरीला?" मला हवं होतं ते हेच. पुढे तीन वाक्यांत आधी काय, आता काय आणि सगळ्या वाटेकऱ्यांना फोन हवा असेल तर कुठलं बटण दाबायचं, ते सांगितलं. जवळजवळ सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. काहींनी तर उलट फोन करून मोटरीची प्रकृती विचारली.

सुभेदारांच्या घरी मी स्वतः फोन केला. बाईंनी उचलला.

"माणूस बोलतंय," मी म्हणाले. "तुमचं आधीसारखं करून देऊ का? दोघांना फोन?"

"नको बाई. तसलं काय करू नका."

"का? मिस कॉल चालतोय ना?"

"कुठला मिस कॉल. पयल्याच आठवड्यात ह्यांचा अंगठा घसरला आन् फोन कट व्हायच्या जागी उचलला गेला. पलीकडनं भावजी म्हणाले, दादा, पाइप फुटलाय, या लवकर. हे गेले. दोघांनी मिळून पाइप बांधला. तवापासनं उचलतात. आता मोटरीचा इषय निघतोय कुठं? ऊस, जत्रा, तमिळ लोकांचं जेवण, काश्मीरची थंडी. मोटरीचं सांगायला म्हणून एकमेकाला फोन करतात आन् लावायचीच इसरतात."

"मग पाणी कोण बघतं?"

"आमी दोघी बघतो. म्हणून तर म्हणती, डब्यात आमचे दोघींचे नंबर घाला आन् आमाला फोन येऊ द्या. ह्या दोघांचे काढून टाका. मधीच तुमचा आवाज आला तर त्यांचं बोलणं तुटतं."

मी नंबर लिहून घेतले. पण जुन्या वापरणाऱ्याला बदल कळवल्याशिवाय मी काहीही बदलू देत नाही, ते माझ्या नोकरीतच बसत नाही. म्हणून विचारलं, "सुभेदारांना कळवू ना तसं?"

"कळवा की," त्या म्हणाल्या. "फोन लागला तर कळवा. सकाळपासनं दोघांचा बी एंगेज लागतोय."